नाट्यगीत पुरे, आता नाटक दाखवा

नाट्यसंगीताच्या मैफलीचा एक साचा आता पक्का ठरून गेला आहे. नांदी होते. निवेदक सांगतो, 'यानंतरचं पद संगीत मानापमानमधलं, बालगंधर्वांनी अजरामर केलेलं.' गायिका सूर लावते, ताना होतात, टाळ्या पडतात, मग पुढचं पद. दोन-अडीच तासांत सौभद्र, स्वयंवर, मत्स्यगंधा, कट्यार अशी सात-आठ नाटकं डोळ्यांसमोरून जातात आणि भैरवी होऊन सगळे पार्किंगकडे वळतात. या पदाच्या आधी रंगमंचावर कोण काय बोललं होतं, हे पद कुणाला उद्देशून आहे, ते संपल्यावर काय बिघडतं किंवा जुळतं, हे कुणी सांगत नाही. विचारत तर कुणीच नाही.

आपण नाट्यसंगीत जपलं, पण संगीत नाटक गमावलं. मला त्याहून जास्त खटकतं ते हे की, जपलेल्या गाण्यांवरूनच आपण नाटकांची प्रतवारी लावून मोकळे झालो. ज्याची पदं गाजली ते थोर नाटक, ज्याची पदं कानावर नाहीत ते गेलं काळाच्या पडद्याआड. ही यादी गाण्यांची आहे. नाटकांची यादी करायची तर ती नव्याने, आणि रंगमंचावर उभी करून करावी लागेल.

हे असं का झालं, ते समजण्यासारखं आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचं शाकुंतल १८८० मध्ये पुण्यात उभं राहिलं तेव्हा त्यात दोनशेच्या घरात पदं होती, पण बहुतेक लहान, साकी-दिंडी अशा जुन्या छंदांच्या वळणाची, संवादाचंच काम करणारी. पुढे गायक नट मोठे झाले आणि पदंही लांबली. मग ध्वनिमुद्रिका आली. तिच्या एका बाजूला साडेतीन मिनिटांच्या आसपास मावायचं. रात्रभर चालणाऱ्या नाटकातून या साडेतीन मिनिटांच्या मापात जे बसलं, ते उरलं. नंतर आकाशवाणी, कॅसेट, मैफल, टीव्हीवरच्या स्पर्धा. प्रत्येक पायरीवर नाटक थोडं थोडं गळत गेलं आणि शेवटी हातात राग, ताल आणि गायकाचं नाव एवढंच राहिलं.

जाणकार मंडळी यावर लगेच म्हणतील की, प्रेक्षक तेव्हाही गाण्यासाठीच यायचा, वन्स मोअर काय संवादांना पडायचे का? बरोबर आहे. पण त्या प्रेक्षकाने तेच नाटक दहा वेळा पाहिलेलं असायचं. सौभद्रमधली सुभद्रा गायला लागली की, तिचं लग्न तिला न विचारता ठरवलं जातंय आणि मोठा भाऊ ऐकायला तयार नाही, हे त्याला सांगावं लागत नसे. तो गाण्यात रमायचा तो प्रसंगासकट. आपल्याकडे प्रसंगच उरलेला नाही.

एक उदाहरण जवळून पाहू. 'या भवनातील गीत पुराणे, मवाळ हळवे सूर, जाऊ द्या आज येथुनी दूर.' कट्यार काळजात घुसलीमधलं हे पद मैफलीत हमखास होतं, आणि ते इतकं देखणं बांधलंय की ऐकणारा प्रसन्नच होतो. आता ते नाटकात ठेवून ऐका. खाँसाहेब दरबारातली स्पर्धा जिंकले आहेत, पंडितजींची हवेली त्यांना मिळाली आहे आणि हरलेल्या माणसाच्या घरात पाऊल टाकून ते गात आहेत. ज्या गीतांना ते मवाळ आणि हळवी म्हणतात ती त्या घरमालकाच्या गळ्यातली गीतं आहेत. 'पराभूत हो नमविल माथा' ही ओळ पुढेच येते. हे पद विजेत्याच्या उन्मादाचं आहे, जवळजवळ क्रूर आहे, आणि त्याचं सौंदर्यच अंगावर येतं, कारण माणूस वाईट वागतोय आणि गातोय मात्र दिव्य. नाटकाचा सगळा पेच या एका विसंगतीत आहे. मैफलीत ती विसंगती नाहीशी होते आणि एक छान चीज उरते. पुरुषोत्तम दारव्हेकर, जितेंद्र अभिषेकी आणि वसंतराव देशपांडे यांनी १९६७ मध्ये जे केलं त्यातलं अर्धंच आपण ऐकत असतो.

कट्यारमधून पदं काढली तर नाटक राहतच नाही, कारण तिथे गाणं हीच घटना आहे. कोण कसं गातो यावर माणसं हरतात, घर बदलतं, मुलगा घराण्याच्या दाराशी चोरासारखा उभा राहतो. संगीत नाटकाची खरी कसोटी मला तरी हीच वाटते. पद काढून पाहा आणि मागे काय राहतं ते बघा. ही कसोटी लावली की आपली लाडकी यादी हलायला लागते.

गोविंद बल्लाळ देवलांचं शारदा घ्या. साल १८९९. वैवाहिक संबंधांसाठी मुलीचं किमान वय वाढवणाऱ्या संमतिवयाच्या कायद्यावरून गदारोळ झाला त्याला तेव्हा आठच वर्षं झाली होती. 'म्हातारा इतुका न, अवघे पाऊणशे वयमान' हे पद आपण शाळेच्या स्नेहसंमेलनात ऐकतो आणि हसतो. नाटकातही ते मुलींच्या घोळक्यातलं थट्टेचं पद आहे. दंताजीचं ठाणं उठलं, डोळे रुसले, कंबर कमान झाली असं एकेक अवयवाचं वर्णन त्या खिदळत करतात. पण त्या म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधली जाणार आहे ती त्याच घोळक्यातली शारदा. प्रेक्षक हसत असतानाच त्याच्या पोटात गोळा यावा अशी ती रचना आहे. आणि पुढे हीच मुलगी 'मूर्तिमंत भीती उभी मजसमोर राहिली' म्हणते तेव्हा मघाचं हसू आठवून लाज वाटते. ही दोन पदं एकमेकांशिवाय अर्धी आहेत. चाली साध्या, बायकांच्या तोंडी असणाऱ्या, ओळखीच्या. ताना मारायला जागाच फार नाही आणि ते मुद्दाम आहे, कारण शब्द कळले पाहिजेत. शारदा गाजलं तितकं गाजायलाच हवं होतं, पण आपण ते ज्या कारणासाठी थोर मानतो ते कारण चुकीचं आहे. चालींच्या गोडव्याहून त्याचं मोठेपण त्या मांडणीत आहे.

याच नाटकातली एक गोष्ट मात्र आज उभी करताना दिग्दर्शकाला अडेल. भुजंगनाथ या म्हाताऱ्या नवरदेवाचं लग्न मोडतं ते म्हाताऱ्याने पोरीशी लग्न करणं पाप आहे म्हणून नाही, तर वर आणि वधू सगोत्र निघतात म्हणून. शेवटी कोदंड या तरुणाशी शारदेचं लग्न लागतं त्यालाही शंकराचार्यांची संमती लागते. देवलांनी सुधारणेला शास्त्राच्या खिडकीतून आत घेतलं. ही त्यांची भीड होती की हुशारी? माझं मत हुशारीकडे झुकतं. समोरचा प्रेक्षक कोण आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण हा प्रश्न पडायला नाटक पाहायला हवं. पद ऐकून तो पडणार नाही.

आता उलटं उदाहरण, आणि इथे बरेच जण रागावतील. एकच प्याला. नाटककार राम गणेश गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले, नाटक गंधर्व नाटक मंडळीने त्यानंतर रंगभूमीवर आणलं आणि त्यातली पदं लिहिली वि. सी. गुर्जरांनी. म्हणजे नाटककाराने जे लिहिलं त्यावर पदं नंतर चढली, कारण नायकाच्या बायकोची, सिंधूची, भूमिका बालगंधर्व करणार होते आणि बालगंधर्व गाणार नाहीत असं होणंच शक्य नव्हतं. 'कशी या त्यजू पदाला' हे त्यातलं सर्वांत लोकप्रिय पद. दारूत बुडालेल्या नवऱ्याचे पाय मी सोडणार नाही, असं एक बाई सांगते आहे. गडकऱ्यांच्या गद्यातली सिंधू सहनशील आहे, पतिव्रता आहे, सगळं खरं, पण त्या गद्यात दारिद्र्याचा दर्प आहे आणि शेवटी पोर बापाच्याच हातून मरतं. पद आलं की तिचं सोसणं मधुर होतं. दुःखाचा दागिना होतो. एकच प्याल्यातून सगळी पदं काढा, नाटक ताठ उभं राहतं, उलट अधिक बोचतं. हे मोठं नाटक आहे याबद्दल मला शंका नाही. मोठं संगीत नाटक आहे का, याबद्दल आहे.

आणि मानापमान? खाडिलकरांच्या १९११ च्या या नाटकातून गोविंदराव टेंब्यांच्या चाली काढल्या तर धैर्यधर आणि भामिनीची ती कथा फुंकरीने उडून जाईल अशी आहे. श्रीमंत मुलगी गरीब शूराला हिणवते, मग वेष पालटून त्याच्या जवळ राहते, मग तिला त्याची किंमत कळते. लक्ष्मीधराचे विनोद आज ओढूनताणून हसवतात. संगीताने हे नाटक तारलं, आणि केवढं तारलं! ठुमरीच्या वळणाच्या त्या चालींनी मराठी कानाचं वळणच बदललं. केशवराव भोसले आणि बालगंधर्व यांनी ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी एकत्र केलेला संयुक्त मानापमान अजूनही दंतकथेसारखा सांगितला जातो. पण या नाटकाचा दुसरा एक पैलू मैफलीत कधी येत नाही. खाडिलकर हे केसरीतले माणूस. त्यांचं कीचकवध सरकारने १९१० मध्ये बंद पाडलं, आणि लगोलग ते हे नाटक लिहितात, ज्यात पैशापुढे वाकायला नकार देणारा एक सेनापती नायक आहे. कुणी दिग्दर्शकाने या अंगाने मानापमान उभं केलं तर मी पहिल्या रांगेचं तिकीट काढीन. सध्या जे प्रयोग होतात ते म्हणजे भरजरी पोशाखातली मैफल असते.

प्रयोगांवरून आठवलं. जुनी नाटकं आज अडीच तासांत बसवावी लागतात, ते योग्यच आहे, पाच अंक कुणी बघणार नाही. पण संपादन करताना कात्री चालते ती दर वेळी गद्यावर. पदाला हात लावायचा नाही, कारण लोक पदासाठी येणार. परिणाम काय होतो ते संशयकल्लोळमध्ये बघावं. या नाटकाचा सांगाडा इंग्रजीतून आणि त्याआधी मोलिएरकडून आलेला आहे. देवलांनी पुरुषांना महिन्यांची आणि बायकांना नक्षत्रांची नावं देऊन तो असा काही मराठी केला की फाल्गुनराव आणि कृत्तिका हे संशयी नवरा-बायको सदाशिव पेठेतलेच वाटतात. आधी ते गद्यच होतं, १९१६ मध्ये ते संगीत झालं. त्याची गंमत घड्याळाच्या यंत्रासारखी आहे. तसबीर कुणाच्या हातून पडते, कुणाला सापडते, ती बघताना कोण कुणाला बघतं, हे सगळं क्रमाने आणि वेगाने झालं पाहिजे. त्यातली चार वाक्यं उडाली की पुढचा संशय लटका पडतो. आणि मग भादव्या नुसता ओरडून हशा मिळवायला लागतो. 'हृदयी धरा हा बोध खरा' मात्र दोनदा होतं.

जे विसरलं गेलं त्याच्याकडे वळतो. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचं 'बहु असोत सुंदर' सगळ्यांना माहीत आहे, पण वीरतनय, मूकनायक, मतिविकार ही त्यांची नाटकं आज बहुतेकांनी नावानेही ऐकलेली नसतात. किर्लोस्करी वळणातून बाहेर पडून पारशी रंगभूमीच्या उडत्या चाली मराठीत आणणारा हा माणूस. गडकरी ज्यांना गुरू मानत ते हेच. सगळंच वाचवण्यासारखं आहे असं मी म्हणणार नाही. त्यांची कथानकं फार गुंतागुंतीची आहेत आणि कोट्यांचा अतिरेक थकवतो. पण मूकनायक दारूच्या व्यसनावर आहे आणि मतिविकार विधवेच्या पुनर्विवाहावर, आणि त्यातली काही संभाषणं अशी चटपटीत आहेत की आजच्या नटाला तोंडात घोळवायला आवडतील. कडक संपादन करून त्यातलं एक तरी उभं करून बघायला काय हरकत आहे?

मामा वरेरकरांवरचा अन्याय याहून मोठा आहे. हुंड्यावरचं हाच मुलाचा बाप, अस्पृश्यतेच्या प्रश्नावरचं तुरुंगाच्या दारात, सत्तेचे गुलाम. केशवराव भोसल्यांनी काढलेल्या ललितकलादर्श या नाटक कंपनीने ही नाटकं त्या काळात केली. मराठी संगीत नाटक पुराणात आणि राजवाड्यात अडकून बसलं होतं असं जे सरसकट म्हटलं जातं, ते वरेरकरांकडे पाहिलं की टिकत नाही. मग ही नाटकं आपल्या यादीत का नाहीत? कारण त्यातलं एकही पद मैफलीत रुळलेलं नाही. एवढंच.

आणि हिराबाई पेडणेकर. मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या स्त्री नाटककारांपैकी एक, कलावंतीण घराण्यातली, भास्करबुवा बखल्यांकडे गाणं शिकलेली. तिचं संगीत दामिनी १९१२ मध्ये ललितकलादर्शनेच रंगभूमीवर आणलं. म्हणजे बायकांच्या भूमिका पुरुष करत होते त्या काळात एका बाईने लिहिलेलं संगीत नाटक नामवंत कंपनी करत होती. आज हिराबाईंची ओळख उरली आहे ती त्या काळच्या साहित्यिकांच्या वर्तुळातली एक बाई, आणि वसंत कानेटकरांच्या कस्तुरीमृगचं प्रेरणास्थान म्हणून. तिच्या आयुष्यावरचं नाटक आपण बघितलं, तिने लिहिलेलं नाही. दामिनी चांगलं नाटक आहे की सामान्य, हा निकाल प्रयोग पाहून लागला पाहिजे.

विसरण्याचा आणखी एक प्रकार आहे. डोळ्यांसमोर असलेल्या नाटकाला संगीत नाटक म्हणायचंच नाही. घाशीराम कोतवालमध्ये रांगेत उभे राहून गाणारे ब्राह्मण म्हणजेच पडदा, भिंत आणि गावगप्पा. त्यांचं गाणं थांबलं तर नाटक थांबेल. महानिर्वाणमध्ये मेलेला माणूस स्वतःच्या मरणावर कीर्तन करतो. पुलंनी ब्रेख्टवरून केलेला तीन पैशाचा तमाशा आहे, कानेटकरांचं लेकुरे उदंड जाली आहे, ज्यात गाणं बोलण्याच्या लयीतूनच निघतं आणि परत बोलण्यात विरतं. त्याचं संगीत मत्स्यगंधा आणि कट्यारच्या अभिषेकीबुवांचंच, हे विशेष. माझ्या कसोटीला ही नाटकं मानापमानपेक्षा कितीतरी चांगली उतरतात. तरी पुरस्कारांच्या, महोत्सवांच्या, स्पर्धांच्या हिशेबात ती 'संगीत' नाहीत, कारण तिथे ऑर्गन आणि तबल्यापुढे उभं राहून रागदारी होत नाही. तमाशा आणि जलसा तर आपण पहिल्यापासूनच या घराच्या बाहेर ठेवले, त्यांच्या चाली मात्र बिनदिक्कत आत घेतल्या. यात जातीचा आणि प्रतिष्ठेचा भाग किती, हे सांगायला संशोधकाची गरज नाही.

८ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी उभारलेली ती वास्तू, आणि दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. हळहळ खरी होती, मलाही झाली. वास्तू पुन्हा उभारण्याबद्दल लगेच बोललं गेलं, तेही रास्तच. पण केशवरावांच्या कंपनीने केलेली नाटकं कोणती आणि त्यातलं आज काय करता येईल, हा प्रश्न त्या गलक्यात मला ऐकू आला नाही.

करता येईल असं बरंच आहे, आणि फार पैसे लागणारं नाही. राज्य नाट्य स्पर्धेत संगीत नाटकांचा वेगळा विभाग आहे, गोव्यात कला अकादमीची स्पर्धा आहे, कोकणात आणि गोव्यातल्या गावांत जत्रेला अजून हौसेने संगीत नाटकं होतात. गाणारे नट तिथे आहेत, पेटीवाले आहेत, रात्र जागवणारा प्रेक्षकही आहे. पण तिथेही नाटकं फिरून फिरून तीच, कारण परीक्षकांच्या आणि प्रेक्षकांच्या कानात पदं तीच. पंचवीस वर्षांत व्यावसायिक रंगमंचावर न आलेलं नाटक करणाऱ्या संघाला वेगळं पारितोषिक ठेवा, पदाचे गुण गायकीला देण्याऐवजी ते प्रसंगात किती काम करतं यावर द्या, बघा किती संहिता कपाटांतून बाहेर येतात. हक्कांचीही अडचण फारशी उरलेली नाही. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी लेखन खुलं होतं. किर्लोस्कर, देवल, कोल्हटकर, गडकरी, खाडिलकर, हिराबाई हे सगळे केव्हाच खुले झाले. वरेरकर १९६४ मध्ये गेले, म्हणजे २०२५ उजाडल्यापासून तेही. कुणाचीही परवानगी न घेता कापा, जोडा, नव्या चाली लावा.

नव्या चाली म्हटलं की लोक दचकतात. का दचकावं? एकच प्याल्याची पदं नाटककाराची नव्हती, तरी ती एवढी चालली. किर्लोस्करांपासून सगळ्यांनी इकडच्या तिकडच्या चाली उचलल्या, कर्नाटकातून, लावणीतून, पारशी कंपन्यांकडून, कोठ्यांवरून. ज्या परंपरेचा सगळा संसारच उसनवारीवर उभा राहिला तिच्यात आज एका सुराला धक्का लागू नये म्हणून पहारा ठेवणं हास्यास्पद आहे.

उरला प्रेक्षकांचा प्रश्न, तो निर्माते नेहमी शेवटी काढतात. संगीत देवबाभळी २०१७ च्या शेवटी आलं. दोन अभिनेत्री, तुकारामांची आवली आणि पायातला काटा काढायला आलेली रखुमाई, प्राजक्त देशमुखचं लेखन, आनंद ओकचं संगीत. ओळखीचं एक पद नाही, कुणी बालगंधर्व नाही, मिरवण्यासारखी तान नाही. लोकांनी ते पाचशे प्रयोगांपर्यंत नेलं. त्यातली गाणी वेगळी काढून मैफलीत गायली तर किती रंगतील, मला शंका आहे. ती आवलीच्या तोंडीच शोभतात.